नवरीचा तयार खोपा: दिसतो कसा यापेक्षा बसतो कसा

नऊवारीवर किंवा पैठणीवर खोपा हवाच असतो, पण आज बहुतेक नवऱ्यांचे केस खांद्यापर्यंत नाहीतर त्याच्या जरा खाली असतात. त्यामुळे बस्त्याच्या यादीत आता तयार खोपाही असतो. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर आणि दादर, शिवाय ऑनलाइन दुकानं, सगळीकडे ढिगाने मिळतो आणि फोटोत सगळे सारखेच देखणे दिसतात. डोक्यावर चढल्यावर मात्र एखादा मंगलाष्टकं संपायच्या आत मानेकडे सरकतो, तर दुसरा सकाळच्या गौरीहरापासून संध्याकाळच्या वरातीपर्यंत जागचा हलत नाही. फरक कुठे पडतो ते समजून घेतलं तर साधा, स्वस्त खोपाही उत्तम काम देतो आणि महागडा फसवू शकतो. या बाजारातला बराचसा माल सुटा, नाव नसलेला असतो, म्हणून इथे कंपन्यांऐवजी प्रकारांचं परीक्षण आहे.

सगळ्यात आधी वजन. खोपा, त्यावरचे गजरे, अग्रफूल (खोप्यावर खोचायचा फुलासारखा दागिना), जाळी आणि पिना असा सगळा भार पोनीच्या एका गाठीवर लटकतो. दक्षिणेकडच्या नवरीच्या लांब वेणीवर चढवायची जडा तशी नसते. ती वेणीला वरून खालपर्यंत ठिकठिकाणी बांधलेली असते, त्यामुळे जड असली तरी भार वाटला जातो. जपानमध्ये पारंपरिक पोशाखातली नवरी बुनकिन ताकाशिमादा हा उंच केशसंभार करते. तो आज बहुतेक वेळा काट्सुरा म्हणजे पूर्ण टोपच असतो आणि त्याच्या आत डोक्याच्या आकाराला बसवलेला धातूचा सांगाडा असतो. भार सगळ्या कवटीवर पसरतो. आपल्या खोप्याला असा सांगाडा नाही, म्हणून खरेदीला निघताना घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा आठवायचा. खोपा आणि सगळे दागिने मिळून २५० ग्रॅमच्या आत ठेवावं. नुसता तयार खोपा १०० ते १२० ग्रॅमच्या पुढे गेला तर अग्रफूल आणि फुलांच्या वेणीला जागाच उरत नाही. दुकानात काटा नसेल तर खोपा तळहातावर घेऊन हात हलवून पाहा. त्याचा गाभा हाताच्या मागून लोंबत आला तर तो डोक्यावरही तसाच लोंबणार.

आता प्रकार.

स्पंजचं डोनट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हलकं. पोनी मधल्या भोकातून काढायची, केस चहूबाजूंनी पसरून डोनट झाकायचं, वरून रबर लावायचं आणि टोकं खाली गुंडाळायची. ज्यांचे केस पाठीपर्यंत आहेत आणि दाट आहेत त्यांना याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, कारण वरून दिसणारे केस स्वतःचेच असतात आणि रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही. केस विरळ असतील तर मात्र डोनटचा काळा स्पंज फटीतून डोकावतो. चकचकीत नायलॉनच्या जाळीतलं डोनट टाळावं, ते निसरडं असतं. खरखरीत, किंचित चिकटणाऱ्या जाळीतलं घ्यावं. बाहेरचा व्यास ४ इंचांपेक्षा मोठा नको. मोठं डोनट समोरून डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं आणि खोप्याऐवजी टोपी घातल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रकार म्हणजे आधीच गुंडाळून जाळीत बसवलेला सिंथेटिक खोपा. बाजारात हाच सर्वाधिक विकला जातो. तो उलटा करून पाहायचा. विक्रेते समोरची बाजू दाखवतात, पण खरी गुणवत्ता पाठीमागे असते. काहींना आत दोन छोटे प्लॅस्टिकचे कंगवे आणि ओढायची दोरी असते, काहींना नुसतं इलॅस्टिक. दोरी आणि कंगवे असलेला घ्यावा. नुसत्या इलॅस्टिकचा खोपा पोनीभोवती गोल फिरतो आणि तासाभरात अग्रफूल वाकडं होतं. कंगव्याचे दात बोटाने वाकवून पाहा. सहज वाकत असतील तर ते केसांत रुतणारच नाहीत. कंगवा खोप्याच्या पायाला हाताने शिवलेला आहे की नुसता डिंकाने चिकटवलेला, हेही पाहा. चिकटवलेला कंगवा उन्हाळ्यातल्या लग्नात, घामाने आणि मांडवातल्या उष्णतेने, हमखास सुटतो. दुकानातून आणल्यावर घरी काळ्या दुहेरी दोऱ्याने चार टाके घातले तर स्वस्तातला खोपाही भरवशाचा होतो. खोपा घेतल्यावर हे काम टाळू नये.

सिंथेटिक केसांची दोन मोठी दुखणी, चमक आणि रंग. फ्लॅशच्या उजेडात ते प्लॅस्टिकसारखे चकाकतात आणि अल्बममध्ये खोपा वेगळा ओळखू येतो. त्यावर उपाय सोपा आहे: थोडी टाल्कम पावडर तळहातावर चोळून खोप्यावर अलगद थोपटायची आणि मऊ ब्रशने झटकायची. फार घातली तर राखाडी दिसतो, चिमूटभर पुरते. रंगासाठी पाकिटावरचा क्रमांक वाचा. १ म्हणजे कोळशासारखा काळा, १बी म्हणजे नैसर्गिक काळा, २ म्हणजे अगदी गडद तपकिरी. आपल्याकडच्या बहुतेक न रंगवलेल्या केसांना १बी जुळतो, पण दुकानात जास्त दिसतो तो १. मेंदी किंवा रंग लावलेल्या केसांशी १ जुळणं अवघडच. रंग नेहमी दुकानाच्या दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात पाहायचा, आणि केसांच्या मुळांशी नव्हे तर टोकांशी जुळवायचा, कारण खोप्याला स्वतःच्या केसांची टोकंच लागून असतात.

रंग सुटतो का तेही बघा. पांढरा रुमाल ओला करून खोप्यावर दोन-तीनदा घासा. रुमालावर काळा डाग आला तर तो खोपा परत ठेवा. घामाबरोबर तो रंग मानेवर आणि पिवळ्या अष्टपुत्रीवर उतरतो आणि तो डाग सहज निघत नाही.

तिसरा प्रकार गंगावन. वेळ आणि सराव असेल तर आमची पसंती यालाच, आणि ती अगदी ठाम आहे. गंगावन म्हणजे वरच्या टोकाला बांधलेली केसांची किंवा केसांसारख्या धाग्यांची जुडी. ती स्वतःच्या पोनीत मिसळून वेणी घालायची आणि त्या वेणीचा खोपा वळायचा. स्वतःचे केस त्यात गुंफले गेल्याने खोपा डोक्याचाच भाग होतो, वरून ठेवलेला राहत नाही. जाडी मनासारखी कमी-जास्त करता येते आणि पेडांची खरी ठेवण दिसते, जी तयार खोप्यात कधीच येत नाही. घेताना मऊ धाग्याचं घ्या. लोकरीसारखं फुगीर गंगावन वेणीत चांगलं दिसतं, पण खोप्यात फार जाड होतं. लांबी २० ते २४ इंच पुरते.

चौथा प्रकार खऱ्या केसांचा. तिरुमलाला भाविक अर्पण करतात त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, आणि आपल्या देशातला केसांचा व्यापार अशा मंदिरांतल्या केसांवर बराच अवलंबून आहे. हा माल ग्रॅमवर विकला जातो आणि किंमत सिंथेटिकच्या कैक पट असते. त्यातल्या रेमी केसांत सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि टोकं दुसऱ्या बाजूला ठेवलेली असतात, म्हणून ते गुंतत नाहीत. तपासायचं असेल तर एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे आणि मग उलटा बोट फिरवा. खऱ्या, न सोललेल्या केसाला उलट्या दिशेने खरखर जाणवते. दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत असेल तर वरचे खवले काढून सिलिकॉन चढवलेलं असतं किंवा तो केसच नसतो. दुसरी खूण म्हणजे एक केस जाळून पाहणं. खरा केस जळका वास देतो आणि राख बोटाने चुरगळते, सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो. खोप्यासाठी मात्र एवढा खर्च करू नये, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. खोपा जाळीत बसतो, वर गजरे येतात, केस दिसतात ते थोडेच. खरे केस घ्यायचे तर रिसेप्शनला मोकळे सोडायला किंवा कुरळे करायला. तिथे गरम मशीन चालवता येतं, साध्या सिंथेटिकवर चालवलं तर ते वितळतं.

पाया कसा घालायचा

सगळ्यात चांगला खोपाही कच्च्या पायावर टिकत नाही, आणि पार्लरमध्ये घाई होते ती नेमकी इथेच. आदल्या दिवशीच्या हळदीत तेल केसांपर्यंत जातं. त्या संध्याकाळी शांपू दोनदा लावून केस धुवावेत आणि कंडिशनर लावायचाच तर फक्त टोकांना. रात्रीत केस पूर्ण वाळायला हवेत. ओले केस ताणले की लांब होतात आणि वाळताना आखडतात, त्यामुळे ओल्या केसांवर घट्ट बांधलेली पोनी दुपारपर्यंत डोकं ठणकवते. अगदी स्वच्छ, रेशमी केस निसरडे असतात. मुळांशी क्रिम्पिंग करून (गरम मशीनने बारीक नागमोडी करून) किंवा थोडं उलटं विंचरून त्यांना खरखरीतपणा आणावा लागतो. हे फक्त डोक्याच्या मागच्या अर्ध्या भागात करावं, वरच्या थराखाली लपेल असं.

जागा ठरवायची ती दागिन्यांवरून. मराठी नवरीच्या ठुशीला, चिंचपेटीला मागे दोरी आणि गोंडा असतो. अगदी मानेवर खोपा घातला की गोंडा त्यात अडकतो, मान वळवली की पिना सैल होतात. टाळूवर घातला तर मुंडावळ्यांना आणि डोक्यावरच्या पदराला जागा राहत नाही. नाकाच्या टोकापासून कानाच्या वरच्या कडेवरून मागे रेघ ओढली तर ती डोक्याच्या मागच्या भागावर जिथे पोचते, तिथे खोप्याचा मध्य यावा. बाजूने काढलेल्या फोटोत अग्रफूल दिसतं ते याच उंचीला.

पोनी बांधण्याआधी, ती जिथे येणार त्याच्या खाली डोक्याला चिकटून दोन बारीक आडव्या वेण्या घालाव्यात आणि टोकं एकमेकांवरून नेऊन पिनेने बंद करावीत. पिनांना धरायला हा आधार मिळतो, नुसत्या सरळ केसांत पिन घसरतेच. मग पोनी, कापड चढवलेल्या रबराने, शक्यतो दोन्ही टोकांना हूक असलेल्या इलॅस्टिकने, कारण ते गुंडाळताना केस ओढले जात नाहीत. गंगावनाचं तोंड पोनीच्या मुळाशी दोऱ्याने बांधून त्यावर चार काळ्या पिना एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. एकट्या पिनेपेक्षा फुलीसारख्या बसवलेल्या दोन पिनांची पकड कितीतरी पक्की. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, सपाट बाजू वर. हे उलटं लावलेलं पार्लरमध्येही दिसतं.

वेणी शेवटपर्यंत घालू नये. दोन तृतीयांश घालून उरलेली टोकं पिळून खोप्याखाली दडवली की खोपा गोल येतो. वेणी फिरवत नेताना दर पाव फेऱ्याला एक आकडा, म्हणजे यू आकाराची पिन. आकडा लावण्याची पद्धत महत्त्वाची: त्याची टोकं आधी बाहेरच्या दिशेला धरून खोप्याच्या कडेचे केस आणि डोक्यावरचे थोडे केस पकडायचे, मग आकडा उलटवून मध्याकडे ढकलायचा. असा लावला की तो स्वतःहून निघत नाही. सरळ खुपसलेला आकडा वरातीत नाचताना हमखास खाली पडतो. २ इंची पिना आणि ३ इंची आकडे, दोन्ही मॅट काळे घ्यावेत. साधारण १६ पिना आणि १० आकड्यांत एक खोपा पक्का बसतो. त्याहून बऱ्याच जास्त लागत असतील तर पाया चुकला असं समजून सोडून पुन्हा बांधावा, पिना वाढवत बसू नये.

जाळी बारीक छिद्रांची हवी. मोठ्या छिद्रांच्या जाळीत अक्षता अडकतात आणि त्यांचं कुंकू ओल्या गजऱ्यावर उतरून मोगरा लाल पडतो.

मुंडावळ्यांची मागची गाठ खोप्याच्या खाली घ्यावी. वर घेतली तर डोक्याच्या उतारावरून ती वर सरकत जाते आणि कपाळावरच्या माळा भुवयांवर येतात. डोक्यावर पदर घेण्याची पद्धत असेल तर तो खोप्याला अजिबात टाचू नये. पैठणीचा जरीचा पदर जड असतो, तो खोप्याला मागे खेचतो. खोप्याच्या पुढे, टाळूच्या जवळ, आतल्या खरखरीत केलेल्या केसांना धरून पिन लावावी.

फुलं आणि अग्रफूल

इथे पैसे वाचवण्याची गरज नाही, पण जास्त घेण्याचीही नाही. ४ इंची खोप्याभोवती इंचभर जाडीच्या गजऱ्याचा एक फेरा घ्यायला साधारण १६ इंच लांबी लागते, त्याबाहेरच्या दुसऱ्या फेऱ्याला २२ इंच. म्हणजे दोन फेऱ्यांना मिळून सव्वातीन फूट, आणि बांधायला वीतभर जास्त. गजऱ्याचा दोरा टाचायचा, फूल नाही. फुलात खुपसलेली पिन ते फूल काळं पाडते. सगळ्यात पक्कं काम म्हणजे सुई आणि काळा दोरा घेऊन गजरा जाळीलाच शिवणं. पाच मिनिटं लागतात आणि पिनाही वाचतात.

फुलवाल्याकडे ऋतू पाहून मागणी करावी. मोगरा उन्हाळ्याचा. मार्गशीर्ष-पौषातल्या लग्नाला तो महाग आणि बारीक येतो, तेव्हा शेवंती, कुंद, निशिगंध बघावेत. शेवंतीची वेणी भरगच्च दिसते, पण जड होते. तिचा एकच फेरा पुरे. अबोली मात्र मनापासून सुचवावीशी वाटते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात अबोलीच्या वळेसराशिवाय नटणं पुरं होत नाही, आणि तिथल्या बायकांची निवड अचूक आहे: वजन जवळपास नाही, वास नसल्याने डोकं चढत नाही आणि दिवसभर ती मलूल होत नाही. नऊवारीच्या हिरव्या-जांभळ्या रंगांवर तिचा केशरी रंग फार खुलतो. गजरे आदल्या रात्री आणले तर ओलसर सुती कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. फ्रीझरमध्ये नको, फुलं काळवंडतात. केसांत माळताना वरून पाणी मारू नये, ओला गजरा जड होतो आणि खोपा खाली ओढतो.

परदेशातल्या लग्नांत ताजा मोगरा मिळेलच असं नाही. कापडी गजऱ्यांपेक्षा शोल्याच्या फुलांचे चांगले. बंगालमध्ये नवरदेवाचा टोपर हा मुकुट ज्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्यापासून करतात, तोच हा शोला. थर्मोकोलसारखा हलका, पण रंग आणि पोत खऱ्या पाकळीच्या फार जवळचा. फक्त पाणी लागू द्यायचं नाही.

अग्रफूल, केवडा, राखडी हे सोन्याचे असोत की एक ग्रॅमचे, मागची कडी किंवा मळसूत्र नीट पाहा. नुसती एक सरळ तार असेल तर अग्रफूल गोल फिरत राहतं. दोन तारांचं किंवा कडीचं घ्या आणि कडीतून दोरा ओवून जाळीला दोन ठिकाणी बांधा. खरं सोनं असेल तर हे सक्तीचंच समजा.

कोणी काय घ्यावं

केस पाठीपर्यंत आणि दाट असतील तर डोनट. खांद्याच्या खाली आणि मध्यम असतील तर गंगावन. घरात बांधून देणारं कुणी सरावाचं नसेल तर दोरी-कंगव्याचा सिंथेटिक खोपा, टाके घालून. बॉब कट असेल तर पोनी होत नाही. तेव्हा मागे तीन-चार आडव्या वेण्यांचा पाया घालून ३ इंचांचा छोटा खोपा थोडा खाली बसवावा आणि गोंड्याची दोरी आखूड करून घ्यावी. कोणताही घेतला तरी लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण सामानासह बांधून किमान तीन तास घरात वावरून पाहावं. नऊवारी नेसून वाकणं, पाटावर बसणं, सगळं. कानामागे किंवा कपाळाच्या कडेला ओढ जाणवली तर पोनी सैल करून पुन्हा बांधा. वारंवार तशी ओढ बसली तर कपाळाच्या कडेचे केस मुळापासून विरळ होतात.

रात्री सोडताना क्रम उलटा: आधी अग्रफूल, मग गजऱ्याचे टाके कात्रीने कापणे, मग जाळी, मग आकडे. लावताना पिना मोजल्या असतील तर काढतानाही मोजता येतात आणि एखादी केसांत राहून झोपेत टोचत नाही. सिंथेटिक खोपा गार पाण्यात थोडा शांपू घालून बुडवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. तेल लावू नये, त्याने तो चिकट होतो आणि धूळ धरतो. आत कागदाचा बोळा घालून कापडी पिशवीत ठेवला तर आकार टिकतो आणि धाकट्या बहिणीच्या लग्नातही उपयोगी पडतो. दबून चपटं झालेलं डोनट मात्र पुन्हा फुगत नाही, ते नवीनच घ्यावं.